आईची पहाटेची स्वप्नं

आमच्या पोशीरच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न चहाचा नसायचा, स्वप्नाचा असायचा. मी तोंडसुद्धा न धुता आईच्या खाटेवर जाऊन बसायचो आणि विचारायचो, “काय दिसलं गं?” ती डोळे मिटून हळूहळू सांगायची. विहीर दिसली. विहिरीत कासव होतं. इकडे माझ्या डोक्यात चाक फिरायला लागायचं. विहीर म्हणजे शून्य. कासव म्हणजे चौका, कारण त्याला पाय चार. पाय तर म्हशीलाही चारच, पण म्हशीचा अठ्ठा. का, ते विचारू नका. आकडा लावणाऱ्यांचा हा शिरस्ताच आहे. स्वप्नात दिसेल त्या वस्तूचा आकडा ठरलेला, आणि तो ठरवला कोणी हे कोणालाच ठाऊक नाही. त्यात पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. म्हणजे पहाटेचा आकडा पक्का.

हो, मटका. मुरडा नाक. मीही मुरडायचो. जुगारी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गटाराकडेला पडलेला माणूस यायचा, आणि मी काही पडलेलो नव्हतो. माझा स्वतःचा टेंपो आहे. कुंभिवलीच्या कंपन्यांना पुठ्ठ्याची खोकी पोचवतो, वेळेवर पोचवतो. दारू नाही, तंबाखू नाही. मग एक आकडा लावला तर काय आभाळ कोसळलं? असं मी बायकोला विचारायचो, आणि तिनं उत्तर द्यायच्या आत आवाज चढवायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सगळी वाट लावली ती पहिल्या वेळेनं. आईच्या स्वप्नात साप आला, मी गमतीत सत्ता लावला, आणि दुपारी सत्ताच आला. मी नेरळहून जिलेबी घेऊन आलो. आईला म्हणालो, “तुझ्या जिभेवर देव बसलाय.” ती लाजली. इतकं खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तेव्हापासून ती स्वप्न सांगणारी आणि मी ऐकणारा. चार माणसांत मी मिरवायचो की आमच्यात मायलेकांचं भारी जमतं, रोज सकाळी बसून बोलतो आम्ही.

दिवसातून दोनदा आकडा येतो, दुपारी ओपन आणि संध्याकाळी क्लोज. आता चिठ्ठ्याबिठ्ठ्या गेल्या, सगळं मोबाइलवर. त्या दोन वेळांच्या मधे मी कुठेही असलो तरी नसायचोच. टेंपो चालवताना पुढच्या ट्रकच्या नंबरची बेरीज करायचो. फाटक पडलं की गेटमनवर चिडायचो. भिवपुरीचा एक ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला, मुलीचं लग्न ठरलं म्हणून सांगत होता, आणि माझं लक्ष त्याच्या गाडीच्या पाटीवर. लग्नाची तारीख मात्र मी दोनदा विचारून घेतली. त्याला वाटलं, किती आपुलकीनं विचारतोय! ती तारीख मी त्याच दुपारी लावली. लग्नाला गेलो नाही.

ज्या दिवशी बाजार बंद, त्या दिवशी तर घरात माझ्या वाऱ्याला कोणी उभं राहायचं नाही. भाजीत मीठ जास्त, पंख्याचा आवाज, शेजाऱ्याचा कोंबडा, प्रत्येकाशी माझं भांडण. बायको एकदा ताट ठेवता ठेवता म्हणाली, “अवो, जेवताय का बेरजा करताय?” मी ताट सरकवून उठलो. पायात चप्पल अडकवून बाहेर पडलो आणि नाक्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, जायचं कुठेच नाहीये. तसाच परत आलो, वर तिच्यावरच ओरडलो.

मग पावसाळा सरता सरता आई पडली. मागच्या दारी शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्यावर आपटली. टेंपोत गादी टाकून तिला कर्जतला दवाखान्यात नेलं. हाडाला चीर होती. ऑपरेशन या वयात नको, पडून राहू दे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर एक फलक होता, व्यसनांबद्दलचा. ‘स्वतःला विचारा’ असं वर मोठ्या अक्षरांत. तुम्ही लपवून खेळता का? न खेळल्यास चिडचिड होते का? गेलेलं परत मिळवायला पुन्हा खेळता का? खोटं बोलता का? असे एकाखाली एक प्रश्न.

आणि मी काय केलं? प्रश्न मोजले. नऊ होते. बाई आईला तपासत होत्या, आणि मी मागे उभा राहून नव्वा लावायचा हे ठरवत होतो. शप्पथ सांगतो, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

बाईंनी आईला विचारलं, “आजी, दुखण्यानं जाग येते का? रात्री झोप लागते?” आईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “लागते की. चांगली लागते.” बाईंनी साध्या गोळ्या लिहून दिल्या. मीही मान डोलावली. झोप लागतेय म्हणजे स्वप्नं चालू राहणार होती. नव्वा काही आला नाही.

आईची खाट आम्ही पुढच्या खोलीत आणली. तिथून तिला रस्ता दिसायचा, कापणीला आलेली भातं दिसायची. आणि स्वप्नांना तर नुसता ऊत आला. रोज एक, कधी दोन. पाण्याची घागर, पांढरा बैल, जळणाची मोळी. एकही लागेना. माझा तोल सुटत चालला. मी तिची उलटतपासणी घ्यायला लागलो. घागर भरलेली होती की रिकामी? बैल उभा होता की बसलेला? ती बिचारी आठवून आठवून सांगायची, आणि सांगताना माझ्या मनगटावर हात ठेवायची. तो हात मला अडचणीचा वाटायचा, मोबाइल त्याच हातात असायचा ना.

एका सकाळी ती म्हणाली, “तुजा बा आला होता रं. बांधावर उभा होता. मला म्हणला, चल.”

गेलेलं माणूस स्वप्नात येऊन ‘चल’ म्हणालं तर कोणाच्याही पोटात गोळा येईल. मी विचारलं, “खांद्यावर काय होतं त्यांच्या?”

“कुदळ होती.”

“परवाही आले होते, तेव्हा फावडं म्हणालीस!”

“आसंल फावडं.”

“आसंल काय, आसंल? नीट आठव की!” मी ओरडलोच. “तुझ्या स्वप्नांना झालंय तरी काय? महिना होत आला, एक धड लागत नाही!”

आतून बायको दारात येऊन उभी राहिली. आई छताकडे बघत होती. मग तिनं अगदी हळू आवाजात सांगितलं, “मला सपान पडतच नाय रं. पडल्यापासनं डोळ्याला डोळा नाय माजा. झोपच नाय, तर सपान कुठलं?”

“मग हे रोज काय सांगत होतीस?”

“मनानं सांगत होते. पयल्या दिवशी म्हणले नाय का, आज काय दिसलं नाय म्हणून? तू लगेच उटून गेलास. दिसलं म्हणलं की बसतोस.”

आता खरं सांगतो, इथंच मला कळलं, आणि कसं कळलं ते ऐका. माझी आई महिनाभर दुखण्यानं तळमळत जागी होती. मी घटकाभर शेजारी बसावं म्हणून रात्रभर स्वप्नं जुळवत होती. बापानं ‘चल’ म्हटल्याचंही तिनंच रचलं होतं, म्हणजे तिला काय वाटत असेल बघा. हे सगळं ऐकताना माझा जीव तुटायला हवा होता. तुटलाही. पण त्याच्या आधी, डोळे भरायच्याही आधी, डोक्यात एक आवाज आला: काहीच दिसलं नाही, म्हणजे शून्य. आज शून्य लाव.

मी खाटेवरून ताडकन उठलो. मला स्वतःची किळस आली. आजवर म्हणत होतो, मनात आणलं तर आत्ता सोडीन. अरे, मनच जर त्यानं बळकावलंय तर आणणार कुठं?

मोबाइल बायकोच्या हातात दिला. तो तिनं तांदळाच्या डब्यात खोल खुपसला आणि झाकण लावलं. मी टेंपो काढून कर्जतला गेलो. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, तिनं खोटं सांगितलं, तिला झोप नाही, महिना झाला. त्या रागावल्या. “एका घरात राहता ना? तुम्हाला कळलं नाही?” त्यांनी गोळी बदलून दिली. मी निघालो नाही, फलकाशी उभा राहिलो. या वेळी प्रश्न मोजले नाहीत, वाचले. लपवता का, हो. चिडचिड, हो. खोटं, हो. पुढचं वाचवेना. बाईंना म्हणालो, “हे माझ्यासाठी आहे.” त्यांनी खुर्ची पुढे केली. शेवटी एका बैठकीची वेळ सांगितली. तिथं माझ्यासारखेच बसतात म्हणे. त्यांनी सांगितलेली वेळ ऐकतानासुद्धा मला त्यातले आकडे वेगळे ऐकू येत होते. कुत्र्याचं शेपूट!

घरी येऊन आईला गोळी दिली. दुपार झाली होती. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला, तोंड किंचित उघडं पडलं. ती झोपली. मी शेजारी स्टूल घेऊन बसलो. बसलो म्हणजे काय, गुडघा थडथड उडत होता, तळहात ओले. ओपनची वेळ झाली. कोणीतरी कातडीखाली मुंग्या सोडल्यासारखं होत होतं. दोनदा उठून तांदळाच्या डब्यापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा झाकणाला हातही लावला. बायको पाटावर बसून तांदूळच निवडत होती, वर न बघता म्हणाली, “आईंना जाग आली तर?” मी परत येऊन बसलो. ओपन येऊन गेला असेल. काय आला ते मला अजून माहीत नाही, आणि माहीत नाही हे अजून टोचतं.

उन्हं उतरल्यावर आईनं डोळे उघडले. मला बघून तिला जरा आश्चर्य वाटलं. चेहरा हलका दिसत होता.

“सपान पडलं रं,” ती म्हणाली. “खरंच पडलं.”

मी तिचा हात हातात घेतला. काय दिसलं, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळले. पाणी हवंय का विचारलं. ती माझ्या प्रश्नाची वाट बघत राहिली.

“काय दिसलं, इचारत नायस?”

“नाय.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. टोमणा नव्हता तिच्या आवाजात, तिला खरंच कळत नव्हतं.

“मंग बसलायस कशाला?”