आत्याचा शेवटचा स्लॉट

आमच्या आत्याला रांग म्हणजे माणसांचा मूर्खपणा वाटायचा.

आज तिला जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट तिला मुळीच आवडली नसती, म्हणून तिच्या सगळ्यात भारी दिवसाबद्दल लिहितेय.

सुमनआत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. त्यांना ती बाळ्याच म्हणायची. झेडपीच्या शाळेत बाई होती, पण गल्लीतली तिची खरी ओळख वेगळीच.

जयंती असो नाहीतर कुणाचं लग्न, पंगती बसवायच्या त्या आत्यानंच! कुणाला कधी बसवायचं, भात कधी उतरवायचा, पाहुण्यांना गप्पांत कुठं गुंतवायचं, सगळं तिच्या डोक्यात.

स्वतः जेवायची सगळ्यात शेवटी. घरचा नियमही तिचाच. हॉटेलात चहा आला तरी शेवटच्या माणसाचा कप येईपर्यंत कुणी घोट घ्यायचा नाही.

ती रिटायर झाली तेव्हा मी विचारलं, "आत्या, कुठं फिरायला जायचं? अजिंठा?"

"अजिंठ्याला पोरांच्या सहली नेऊन पाय झिजले माझे. मला त्यो मोठा पाळणा पायजे. उलटा होतो बघ, त्यो."

रोलर कोस्टर!!

लहानपणी उरुसात ही पप्पांना आणि बाकी धाकट्यांना पाळण्यात बसवायची आणि स्वतः खाली त्यांच्या चपला सांभाळत उभी राहायची. आजीचा हुकूम. मोठी पोरगी पाळण्यात बसली तर लोक काय म्हणतील?

तर ठरलं. पुण्याच्या पुढचं ते मोठं पार्क. आत्या, मम्मी, पप्पा आणि मी.

पार्कचं ॲप होतं. राईडची वेळ बुक करायची, पण एका वेळी एकच. ती राईड झाली की दुसरी बुक करता येते. चौघांची तिकिटं माझ्या मोबाईलवर, त्यामुळे आठवडाभर आत्याचा रोज फोन.

"पिंके, काय करायलीस? ॲप उघड."

पार्किंगमध्ये उतरल्या उतरल्या तिनं डबे काढले. धपाटी, ठेचा, दही. बाहेरचं आत नेऊ देत नाहीत, हे तिनं आधीच विचारून ठेवलेलं.

"आत्या, आत्ताशी नाश्त्याची वेळ आहे!"

"जेव गुमान. दुपारी मला दुवा देशील."

गेट उघडलं आणि अख्खी पब्लिक समोरच्या राईडवर तुटून पडली. मीपण पळणार, तेवढ्यात आत्यानं मला बॅगेला धरून मागं खेचलं.

"पहिल्या पंगतीला समदेच पळतेत. तू मागच्या टोकाला चल."

मागच्या टोकाला चिटपाखरू नाही! दोन राईड बुकिंगशिवायच झाल्या. बुकिंग तिनं करायला लावलं ते एसीतल्या शोचं. ऐन उन्हाच्या वेळेचं.

दुपारी सगळं पार्क फूड कोर्टात.

"लोक जेवायलेत तवर बसून घ्या!" आत्या पुढं, आम्ही मागं. पाण्याच्या राईडमध्ये लागोपाठ तीनदा. पप्पा ओलेचिंब होऊन लहान पोरासारखे खिदळत होते. दिल खुश!

रोलर कोस्टरचा मात्र तिनं मुद्दाम शेवटचा स्लॉट धरायला लावला होता.

"शेवटच्या पंगतीला वाढप्याला घाई नसती. पुढची जागा मागून घेता येती."

आणि तिथंच घोळ झाला.

पप्पांची नवी कोरी कोल्हापुरी पाण्याच्या राईडजवळ राहिली. "दोन मिनिटांत आलो," म्हणून गेले ते गेलेच. त्यांचा मोबाईल माझ्या बॅगेत.

गेटवरची मुलगी म्हणाली, "काकू, स्लॉट संपतोय. यानंतर आज नाही मिळणार."

आत्या वाटेकडं बघत राहिली. आम्हाला सगळ्यांना तिचा नियम पाठ होता.

मम्मी म्हणाली, "ताई, तुम्ही जा. मी थांबते ह्यांच्यासाठी."

आत्यानं ओढणी कमरेला घट्ट बांधली.

"चल पिंके. त्याच्यासाठी लई थांबले मी."

सगळ्यात पुढची सीट! गाडी वर चढायला लागली तसे मी डोळे गच्च मिटले. आत्यानं नाही मिटले.

खाली आलो तेव्हा तिचा अंबाडा सुटून केस चोहीकडं झालेले. श्वास घेऊन पहिलं वाक्य, "पोरी, अजून एक डाव बसू दे की गं!"

मागं कुणीच नव्हतं. मुलगी हसली आणि बसू दिलं. दोनदा!!

पप्पा आले तेव्हा गेट लागत होतं. पायात चप्पल, तोंडावर बारा वाजलेले. पुढं कितीतरी दिवस कुणी विषय काढला की म्हणायचे, "ताई थांबली नाय माझ्यासाठी."

गेल्या वर्षी आत्याला अचानक ॲटॅक आला. मी तिच्याजवळ होते. पप्पा निघाले आणि क्रांती चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले. पोचले तेव्हा ती गेलेली होती.

हॉस्पिटलच्या पायरीवर बसून म्हणाले, "तिथंबी उशीर, इथंबी उशीर. माझ्यावर चिडूनच गेली आसंल."

मग मी त्यांना सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं, पण ते तो विषयच पुढं जाऊ द्यायचे नाहीत.

"पप्पा, ती चिडली नव्हती. गाडी टोकाला पोचली ना, खाली सुटायच्या आधी, तेव्हा माझे डोळे मिटलेले. आणि आत्या शेजारी बोंबलत होती, 'बाळ्याऽऽ! बघ रे, मी कुठं बसलेय!'"

पप्पा ढसाढसा रडले. मग हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "अजून एकदा सांग."

आज बुद्धविहारात तिचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. सगळ्यांच्या आधी पप्पा पोचले. सतरंज्या त्यांनीच अंथरल्या.

आत्या, तुला आम्हा सगळ्यांचा जय भीम आणि मनापासून आदरांजली. बाळ्याकडून पण, वेळेवर.