तात्यांची सही

बेशुद्ध माणसालाही तात्या आधी आपलं नाव सांगत. मग त्याच्या खांद्याला हात लावत. मी रुग्णवाहिकेवर शिकाऊ म्हणून रुजू झाले, तेव्हा मला हसू आलं होतं. "हसा नको गो," ते म्हणाले, "माणूस बेसुद असलो तरी ऐकता. आधी नाव सांग, मगे हात लाव."

पुस्तकातलं आम्हाला वर्गात शिकवत, पण या कामात वागायचं कसं ते तात्यांकडे बघून कळलं. चिखलातून स्ट्रेचर नेताना ते कधी घाईचं बोलत नसत. रडणाऱ्या नातेवाइकाला गप्प बस म्हणत नसत. रोज सकाळी गाडीतली प्रत्येक वस्तू हाताळून मगच तपासणीच्या वहीत सही करत. "सही केलंस म्हणजे जबान दिलंस," हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल!

एका सकाळी ते उशिरा आले. "तात्यानू, ऑक्सिजनचो सिलिंडर बघूया?" मी विचारलं. "काल बघलंय मी. गाडयेत बस," म्हणत त्यांनी उभ्या उभ्या सही ठोकली. मी गाडीत बसले. ते तात्या होते.

दुपारी देवबागहून फोन आला. मासे विकणाऱ्या एका बाईंना श्वास घेता येत नव्हता. त्यांना गाडीत घेतलं, मास्क लावला, मी सिलिंडर उघडला. काहीच आलं नाही. बाईंचे ओठ निळे पडत चालले होते, आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. वाटेतल्या एका दवाखान्यात ऑक्सिजन मिळाला, म्हणून त्या वाचल्या.

त्यांच्या मुलाने तक्रार केली. चौकशीला साहेबांसमोर आम्ही दोघं उभे राहिलो. माझ्याशी कायम मालवणीत बोलणारे तात्या तिथे स्वच्छ प्रमाण मराठीत म्हणाले, "सही माझी आहे, साहेब. पण तपासणी हिने केली होती. मी हिच्यावर विश्वास ठेवला."

मी खरं काय ते सांगितलं. पण त्यांची इतक्या वर्षांची नोकरी, आणि मी शिकाऊ. माझं प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढवलं. बरोबरच्या मुली नोकरीला लागल्या. घरी आई विचारी, "तूच कशी रवलंस मागे?"

तात्या एकदाच बोलले, तेही गाडी धुता धुता, पाठमोरे. "माज्या नोकरीचा आता वरीसच रवला गो. तुका परत संदी गावतली."

त्यांच्या निरोपसमारंभात शिष्या म्हणून मला बोलायला उभं केलं. रुग्णाशी कसं वागायचं ते मी यांच्याकडून शिकले, असं मी म्हटलं. ते खरंच होतं. पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. तात्या मान खाली घालून बसले होते. मी व्यासपीठावरून खाली उतरले.

बाहेर फाटकापाशी त्यांनी मला गाठलं. "तू सांगलंस नाय."

"नाय."

"कित्याक गो?"

"ता तुमी सांगूचा होता, तात्यानू."

त्यांनी आत वळून पाहिलं. सगळे अजून तिथेच होते, साहेबसुद्धा. तात्यांनी हातातला नारळ पिशवीत घातला आणि ते घरच्या वाटेला लागले.