पियानोला फोडलेला नारळ

पियानोच्या आत नारळाचं पाणी गेलं की काय होतं, हे अख्ख्या सांगली जिल्ह्यात फक्त मलाच माहीत आहे.

माझं कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे. नवं मशीन आलं की हळदकुंकू, हार आणि नारळ! पाण्याचे दोन थेंब मशीनवर पडल्याशिवाय मी बटण दाबू देत नाही. एकदा घाईत ड्रिलिंग मशीन बिननारळाचं सुरू केलं, तर तिसऱ्या दिवशी मोटर जळाली. (मोटर भंगारातून आणली होती, हे मी कुणाला सांगत नाही.)

बायको सुनंदा शाळेत गणित शिकवते आणि पियानो वाजवते. पियानो म्हणजे डायनिंग टेबलावरचा कीबोर्ड. कुकरच्या शिट्ट्या संपल्या की कानाला हेडफोन लावून बसायची, सहा वर्षं! त्याची मधल्या सा ची पट्टी पहिल्याच दसऱ्याला बंद पडली. "स्वस्तातला माल, दुसरं काय!" असं मी तेव्हाच जाहीर करून टाकलं होतं.

तर यंदा सांगलीत हौशी पियानोवादकांची स्पर्धा ठरली. पुण्याहून गाद्यांमध्ये गुंडाळून खराखुरा पियानो येणार होता. खऱ्या पियानोला सुनंदाचा हात आजवर लागला नव्हता. आठवडाभर तिला धड झोप नव्हती. निघताना दारातच मला अडवून म्हणाली, "अहो, सहा वर्षं मी या एका दिवसाची वाट बघतेय. तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं. कशालाही हात लावायचा नाही. शपथ घ्या."

मी घेतली. (तेव्हा नारळ पिशवीतच होता.)

हॉलमध्ये पडदा बंद होता. पडद्यामागे पियानो आणि पडद्यापुढे उद्घाटन. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, आणि प्रमुख पाहुणे, म्हणजे आमच्या भागाचे आमदार, बोलायला उभे राहिले. आम्ही सगळे त्यांना 'साहेब'च म्हणतो. पियानोबरोबर आलेला, त्याचे सूर जुळवणारा ट्यूनर बाहेर भडंग खायला गेला होता. मी पहिल्या रांगेत आमच्या अप्पांशेजारी बसलो होतो. अप्पा म्हणजे माझे वडील. निवृत्त सुभेदार, मुक्काम कडेगावजवळच्या आमच्या गावी.

माझ्या डोक्यात एकच विचार. एवढं परक्या गावचं यंत्र, आणि त्याला साधं कुंकूसुद्धा नाही? आज सुनंदाचा दिवस, आणि बिननारळाचा?

हळूच विंगेतून आत शिरलो. मधल्या सा ला कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले आणि पट्ट्यांवर नारळ धरून खिशातल्या लोखंडी पान्याचा एक ठोका दिला. दोनच थेंब पाडायचे होते हो! पण त्या नारळात पाणी किती असावं! कॅनॉल फुटल्यासारखं सगळं मधल्या सा वर. पट्टी दाबून बघितली. खाली गेली ती वर यायचं नावच घेईना.

मी अप्पांना फोन लावला. "अप्पा, साहेबांचं भाषण संपू देऊ नका!"

"आरं, टाळकं ठिकाणावर हाय का? हितं समदी कवा संपतंय म्हणून बसल्यात!"

"अप्पा, पियानो बिघडला. माझ्या हातनं. सुनंदाला कळलं तर..."

पलीकडे अप्पांनी घसा खाकरला. मग, "बरं. बघतो मी."

साहेब 'माझे दोन शब्द संपवतो' म्हणतायत तोवर अप्पांचा परेडवरचा आवाज आला, "आवं सायेब, आमच्या शेताच्या पाण्याचं कायच बोलला न्हाईसा!"

अख्खा हॉल कण्हला. साहेबांना मात्र आजवर कुणी थांबू नका म्हटलेलं नसावं. ते नव्या दमाने धरणापासून सुरू झाले.

आत मी पुढची फळी काढली, पट्टी उपसली आणि शर्टाने पुसली. बसवली, की चिकटली. पुन्हा उपसली. बाहेर साहेबांच्या भाषणातलं पाणी कालव्याला लागलं होतं. मला दरदरून घाम फुटला, आणि तोही पियानोतच ठिबकायला लागला! तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"अहो."

सुनंदा. पियानो जवळून बघायला आली होती. तिने नारळाची भकलं बघितली, पट्टी बघितली, कुंकवाने लालभडक झालेला माझा शर्ट बघितला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरून आले. "एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मला माझी एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

टाळ्या झाल्या. पाणी शिवारात पोचलं होतं! मी पट्टी कशीबशी ठोकून बसवली, भकलं उचलली आणि विंगेत पळालो. पडदा उघडला. मुठीत बघतो तर पट्टीखालची लोकरीची एक चकती उरलेली!

पहिले साताऱ्याचे दातांचे डॉक्टर. मधल्या सा पर्यंत छान गेले. तिथे पट्टी 'टक' करून बसली आणि डॉक्टरही बसले. दुसरी फलटणची मुलगी तिथेच अडखळली आणि रडत उठली. मी विंगेत देवाला नारळ बोलायला निघालो होतो, पण वेळीच आवरलं.

तिसरी सुनंदा. बसली. पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला. कुंकवाच्या पट्टीवर बोट क्षणभर थांबलं. आणि वाजवायला लागली! भूपातली तिची आवडती रचना. मधला सा आला की हात अलगद त्याच्यावरून जायचा आणि वरचा सा घ्यायचा. एकदाही चुकली नाही. चार मिनिटं मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. टाळ्यांमध्ये अप्पांच्या सगळ्यात मोठ्या.

मग मी स्वतःहून ट्यूनरच्या हातात चकती ठेवली आणि सगळं कबूल केलं. तो काय बोलला ते इथे लिहिता येत नाही. पियानो दुरुस्त झाला, आधीच्या दोघांना पुन्हा संधी मिळाली, आणि डॉक्टर पहिले आले. सुनंदा दुसरी!

परीक्षकबाईंनी माइकवर विचारलं, "बंद पट्टी तुम्ही इतकी सहज कशी टाळलीत?"

"सवय आहे," सुनंदा म्हणाली. "घरी आमच्या कीबोर्डचा मधला सा सहा वर्षं बंद आहे. त्यालाही खंडेनवमीला नारळ फुटला होता. हे म्हणतात स्वस्तातला माल. मी शाळेतून आले तेव्हा आत कुंकू दिसत होतं."

हॉल हसून फुटला! सहा वर्षं जपलेलं माझं गुपित माइकवर. वर अप्पा उभे राहून माझ्याकडे बोट दाखवून सांगतायत, "त्यो बगा, ह्योच त्यो!"

साहेब खुशीत होते. म्हणाले, या यजमानांचाही सत्कार झालाच पाहिजे. मला स्टेजवर बोलावलं, खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ द्यायला पुढे झाले. सुनंदाने तो मधल्या मधे घेतला. घर येईपर्यंत तो तिने मांडीवरून खाली ठेवला नाही, आणि चटणी होईपर्यंत मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही!