सुहासने न केलेली चूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की तिसरंच काहीतरी बोलून उठतो. तुम्हाला सांगतो आहे — कदाचित तुम्ही सुहासला ओळखत नाही म्हणून.

सुहास मुळगावचा, मी पेडण्याचा. गोव्यात, डिचोलीतल्या एका औषधांच्या कारखान्यात आम्ही दोघं नेटवर्क सांभाळायचो. यंत्रं, औषधं थंड ठेवायची कोल्ड रूम, सगळं त्या नेटवर्कला जोडलेलं. कुठे काही बंद पडलं की आमच्या मोबाइलवर इशारा यायचा. इशारा देणारा तो प्रोग्राम सुहासने स्वतः लिहिला होता. कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत, हौसेने.

मग त्याच्या किडन्या गेल्या. नोकरी सुटली. जाताना त्याने मला एकच बजावलं — "फायरवॉलची लायब्ररी अपडेट करशील तेव्हा आधी मला फोन कर. माझा प्रोग्राम तिच्यावरच उभा आहे." फायरवॉल म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, लायब्ररी म्हणजे तिच्यातला तयार कोड; तो बदलला की त्याच्या आधाराने चालणारं बिघडू शकतं.

त्यानंतर त्या प्रोग्रामकडे कुणी बघितलं नाही. कुणी म्हणजे कोण? मीच. ते काम आता माझं होतं. उद्या शिकून घेऊ, उद्या बघू — अशी वर्षं गेली.

गणेश चवथीची सुट्टी लागायच्या दिवशी मी ते अपडेट करायला घेतलं. सुहासचं बोलणं आठवलं नाही असं नाही. फोन हातात घेतला होता. मग का नाही केला? घाई होती, गणपतीच्या वर फळं-भाज्यांची माटोळी बांधायला घरी पोचायचं होतं — असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण ते खरं नाही. तो माणूस घरी पडून होता, तरी ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी "सुहास असता तर..." मला त्याला विचारायचं नव्हतं. बस, एवढंच.

अपडेट झालं. पडद्यावर सगळं हिरवं. मी निघालो.

ते हिरवं जुनं होतं. नव्या लायब्ररीशी प्रोग्रामचं जुळलं नाही, तो जागीच थिजला आणि पडदा शेवटचं चित्र दाखवत राहिला. एखाद्या यंत्राची वायर काढून इशारा येतो का बघितलं असतं तरी कळलं असतं.

सुट्टीत कोल्ड रूम बंद पडली. इशारा आला नाही. कारखाना उघडला तेव्हा आतला सगळा माल खराब झालेला. साहेबांनी बोलावलं. मी म्हणालो, "प्रोग्राम जुना होता, सर. सुहासने लिहितानाच त्यात चूक राहिली होती." न अडखळता म्हणालो. वाटलं, तो तर नोकरी सोडून गेलाय, त्याचं आता कोण काय वाकडं करणार?

बातमी मुळगावला पोचायला कितीसा वेळ लागतो? मी भेटायला गेलो तेव्हा तो जनेलातून येणाऱ्या उजेडात खाटेवर बसला होता. वाळून गेलेला. रागावला नाही. — रागावला असता तर? — हळूच म्हणाला, "खरं सांग रे, चूक माझीच मरे? माझीच ना?"

एक "नाही" पुरलं असतं.

"हो रे," मी म्हणालो. "सोड आता ते."

त्याने मान खाली घातली. मग मला चहा हवा का, विचारलं.

पावसाळा संपता संपता तो गेला. मी खांदा दिला. काही दिवसांनी त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनी, त्याची बायको, सांगत होती — डायलिसिसहून आला की लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा. ती ओरडायची, तरी ऐकायचा नाही. आपली चूक शोधत होता. सापडत नव्हती. सापडणार कशी? शेवटी म्हणायला लागला, दुखण्यात माझं डोकंच गेलं, लिहिलेलं मलाच कळत नाही.

त्याच्या कामाचा त्याला केवढा अभिमान होता, ठाऊक आहे मला. तेवढंच उरलं होतं त्याच्याजवळ.

"भावजी," वहिनी म्हणाली, "त्यांनी जायच्या आधी एक सांगून ठेवलंय. आपल्यामुळे तुम्हाला साहेबांसमोर मान खाली घालावी लागली, तेवढं माफ करा म्हणून."

तेव्हा तरी बोलायचं ना मी? घरात ती आणि मी, दोघंच होतो.

मी म्हणालो, "वहिनी, मी ते कधी मनात धरलंच नव्हतं."

तिने डोळे पुसले. माझ्यापुढे हात जोडले. आमच्याकडे आभार मानताना म्हणतात तसं म्हणाली, "देव बरें करूं, भावजी."