युफ्रेटिसचा गाळ आणि काझी सरांचा प्रबंध

प्रा. याकूब काझी सरांना मी प्रथम पाहिलं ते भिवंडीच्या कॉलेजात, ऐंशीच्या दशकात. इतिहासाच्या तासाला फळ्यावर टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्या काढून त्यांनी विचारलं, "कशेळीच्या खाडीला दिवसातून भरती किती वेळा येते?" बहुतेक मुलं धामणकर नाक्याकडची, मागांच्या खडखडाटात वाढलेली. मी खाडीकाठचा. "दोनदा, सर," मी म्हणालो.

"शाब्बास! बसऱ्याचे खजुराचे मळे अशाच भरतीवर भिजत. बगदादला मात्र कालवे खणावे लागले."

राजांच्या आधी जमिनीचा उतार शिकवणारे शिक्षक मी तोवर पाहिले नव्हते.

आरंभीच्या इस्लामी राजवटींची पाणीव्यवस्था हा सरांच्या प्रबंधाचा विषय. युफ्रेटिसचं पात्र उंच, टायग्रिसचं खाली, म्हणून बगदादकडचे कालवे पूर्वेला वाहत. पूर यायचा तो पिकं काढणीला आलेली असताना, म्हणून बंधाऱ्यांमागे सरकारचं बळ लागे. हे सरांनी अरबी ग्रंथ वाचून मांडलं होतं. प्रबंध टाइप होऊन तयार होता. बढती त्यावरच अडली होती. तो सादर करायच्या आठवड्यातच ते आमच्याकडे जेवायला आले.

माझे वडील निरक्षर शेतकरी. खाडीचा बांध राखण्यात त्यांचा जन्म गेलेला. सरांनी त्यांना सारं समजावून सांगितलं. वडील म्हणाले, "सायेब, कालवा राजानं खनला, बरा केला. पन त्यातला गाळ दरसाल कोन काढायचा? ता तुमी सांगला न्हाय."

सर म्हणाले, "दादा, हे मी कुणाला विचारलंच नाही."

त्यांनी प्रबंध मागे ठेवला. आम्ही विनवलं, तर म्हणाले, "खोटं काही लिहिलेलं नाही, पण अर्धं आहे. अर्धं कसं देऊ?" दोन वर्षं ते गाळ उपसणाऱ्या मजुरांचा शोध घेत राहिले. दरबार दुबळा झाला की उपसा थांबे, कालवे बुजत, गावं उठत, हे त्यातूनच त्यांना उमगलं. बढती दरम्यान दुसऱ्याला मिळाली. मला अपराधी वाटे. सरांनी मात्र त्याचा कधी उल्लेखही केला नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, "ऋणनिर्देशात पहिलं नाव एका शेतकऱ्याचं कसं?"

"प्रश्न त्यांचा होता," सर म्हणाले. "मी उत्तर शोधलं."

बांधलेला प्रबंध घेऊन सर आमच्या ओटीवर आले आणि ऋणनिर्देशातली वडिलांच्या नावाची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. वडील खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "परत वाचा."

सरांना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. परवा भेटले तर नाईलचे नकाशे पसरून बसले होते. म्हणाले, "इथला पूर वेगळ्या ऋतूत येतो. पुन्हा पहिल्यापासून शिकायला हवं." त्या शिकण्याला पुरेल इतकं आयुष्य, शाबूत नजर आणि निरोगी शरीर त्यांना लाभो, हीच आम्हा विद्यार्थ्यांची मनापासून दुआ.