आप्पांचा नंबर गेला

मित्रांनो, आज भर दवाखान्यात माझं डोकं फिरलं. आणि चूक माझीच होती.

पंचवटीत आमच्या गल्लीत आप्पा एकटेच राहतात. फौजी माणूस. ज्या लढाईत शौर्यपदक मिळालं, तिथेच तोफांच्या आवाजाने कान गेले. कॉलेज सोडल्यापासून मी रिकामाच, म्हणून त्यांना माजी सैनिकांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. कानाचे डॉक्टर तिथे महिन्यातून एकदाच येतात. नंबर पुकारला की मी आप्पांना सांगायचं, एवढंच काम.

मी ‘तिचा’ मेसेज आला का बघायला बाहेर गेलो. अर्ध्या तासाने परत आलो तर डॉक्टर निघून गेलेले.

मी काउंटरवर हात आपटला. “पदकवाले आहेत हे! ऐकू न येणाऱ्याला हाका कसल्या मारता?”

“तीनदा पुकारलं, दादा,” तिथल्या ताई म्हणाल्या. “वाटलं, सोबत कोणी नाही.”

आप्पांनी माझा दंड धरला. “चल रे. महिनाच तर आहे.”

दारात पोचलो तर त्यांच्या मुलीचा फोन. “हो, हो, झालं सगळं,” म्हणून आप्पांनी ठेवलासुद्धा. तिने काय विचारलं, ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

मला सांगा, ज्यांच्यासोबत माझ्यासारखाही कोणी नसतो, त्यांचा नंबर कोण ऐकत असेल?