माझी सही असलेलं मत

ऑगस्टमधला दुसरा शुक्रवार, सकाळचे साडेदहा. रक्कम चाळीस रुपये. उमेदवार दोन, अनामत प्रत्येकी वीस. हजर होते राज्यशास्त्राच्या मॅडम, विभागाचे शिपाईमामा, दोन्ही उमेदवार आणि मी. पैसे मी घेतले, पावत्या मी लिहिल्या. दुसरी पावती माझ्या मुलीच्या नावाची होती.

बाप आणि लेक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एकाच वर्गात कसे, हे सांगायला हवं. वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं. मग कंपनीनं काही जणांना स्वेच्छेनं घरी जायला सांगितलं, त्यात मी गेलो. आमच्या पुंडलिकनगरच्या घरात वडिलांनी निळ्या कापडात गुंडाळून ठेवलेली संविधानाची प्रत आहे. दरवर्षी आम्ही तिला हार घालतो. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत घरातल्या कुणीच वाचलेली नाही, हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी खटकलं. मुलगी मिशनऱ्यांच्या जुन्या कॉलेजात राज्यशास्त्राला प्रवेश घेत होती. तिच्यामागे रांगेत मीही उभा राहिलो.

तिनं एकच अट घातली. "पप्पा, कॉलेजात मी तुम्हाला ओळखत नाय. डबा वेगळा, बाक वेगळा." सगळा वर्ग मला काका म्हणायचा, म्हणून तीही काका म्हणू लागली. पहिल्या दिवशी जरा लागलं. नंतर सवय झाली.

सकाळी हॉलमध्ये पाच मिनिटांची प्रार्थना व्हायची, मग मॅडमचा तास. मॅडम इथल्याच, बोलायला रोखठोक. "निवडणूक पुस्तकात वाचायची नाही, घ्यायची," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे वर्गप्रतिनिधीसाठीही अनामत, छापील मतपत्रिका, गुप्त मतदान, सगळं रीतसर. त्या वर्षी पदाला मोल होतं. निवडून येणारा मॅडमबरोबर डिसेंबरात नागपूरला जाणार होता, विधिमंडळाचं अधिवेशन गॅलरीत बसून बघायला. दर वर्गातून एकच जागा होती. माझ्या मुलीनं जूनपासून दुसरं काही मनात आणलं नव्हतं. कोणत्या दिवशी प्रश्नोत्तरं, कोणत्या दिवशी लक्षवेधी, हेसुद्धा तिनं वहीत लिहून ठेवलं होतं.

समोर बजाजनगरचा एक मुलगा होता. त्याचे वडील माझ्याच कारखान्यात फिटर. निवडणूक अधिकारी कोण, असं मॅडमनी विचारलं तेव्हा तोच उठला. "काका मोजणार असतील तर माझी हरकत नाय. काका पोरीला पाव मतसुद्धा जास्त द्यायचे नाहीत." आडनावावरून नातं सगळ्यांना ठाऊक होतंच; वर्ग हसला. मुलगी खाली बघत होती.

मी फळ्यावर नियम लिहिले. नावापुढे फक्त बरोबरची खूण. नाव, सही, शेरा, काहीही लिहिलेलं आढळल्यास मत बाद. शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं, कारण आदल्या वर्षी कुणीतरी मतपत्रिकेवर गुलाब काढला होता.

मतपेटी म्हणून चर्चमधली दानाची लाकडी पेटी आणली. पाद्रीसाहेबांनी एकच सांगितलं, "रविवारच्या आत परत हवी, आणि रिकामी."

पटावर चव्वेचाळीस, हजर त्रेचाळीस. सगळ्यांचं झाल्यावर मीही मत दिलं. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की मीही विद्यार्थी आहे, हक्क सोडायचा नाही.

मोजणीला दोन्ही उमेदवार माझ्या दोन बाजूंना उभे. मी चिठ्ठी उघडायची, दोघांना दाखवायची, नाव वाचायचं, शिपाईमामांनी फळ्यावर रेघ मारायची. बेचाळीस चिठ्ठ्या संपल्या तेव्हा फळ्यावर एकवीस आणि एकवीस होते.

शेवटची चिठ्ठी उघडली. खूण माझ्या मुलीच्या नावापुढे होती. आणि खुणेच्या खाली माझी छोटी सही होती, तारखेसकट.

बावीस वर्षं मी एकच काम केलं. चलनावर माल तपासला की बरोबरची खूण, खाली सही, तारीख. हात तेच करून मोकळा झाला होता आणि मला पत्ता नव्हता. मी नंतर सगळ्यांना सांगत आलो की मी लगेच बाद म्हणणार होतो. खरं सांगायचं तर किती वेळ गप्प राहिलो ते मला ठाऊक नाही. अंगठा सहीवर होता. तो मी मुद्दाम ठेवला होता का, हेही मला सांगता येणार नाही.

माझी सही मुलीनं पहिलीपासूनच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पाहिली होती. तिनं माझा अंगठा हळूच बाजूला केला.

"सही आहे काका," ती म्हणाली. "बाद."

मी मॅडमकडे पाहिलं. मग मी मोठ्यानं म्हणालो, "एक मत बाद. मत माझं आहे."

बाकं वाजायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, लई जोरदार! स्वतःचंच पाडलं!"

समसमान मतं पडली की चिठ्ठी काढायची, हा खऱ्या निवडणुकीतलाही नियम. शिपाईमामांच्या टोपीत दोन नावं टाकली. मॅडमनी डोळे मिटून एक उचललं. बजाजनगर.

तो मुलगा आला आणि माझ्या पाया पडायला वाकला. "काका, मला तर तुम्हीच निवडून आणलं."

"नियमानं आणलं," मी म्हणालो.

तो मुलीकडे वळला. "तुझी ती वही देते का? कोणत्या दिवशी काय असतं, मला काय कळणार?"

"देते. पण परत आल्यावर सगळं सांगायचं. एकही दिवस गाळायचा नाय."

"व्हय, मॅडम," तो तिलाच म्हणाला.

पेटी त्याच दुपारी रिकामी करून पाद्रीसाहेबांकडे दिली. मग विभागात बसून अनामत परत केली. दोघांचीही जप्त होण्याचा प्रश्न नव्हता. मुलानं सही करून वीस रुपये नेले. मुलीनं सही केली, नोट घेतली आणि तिथंच उभी राहिली. डोळे लाल होते. मी रजिस्टर बंद केलं, परत उघडलं, परत बंद केलं.

"नागपूरला आपण नंतर जाऊ," मी म्हणालो. "मी नेतो."

"तसं नको. मी येणारच निवडून, पुढच्या वर्षी." मग म्हणाली, "चला पप्पा, चहा घेऊ."

दुपारची गर्दी होती, अर्धा वर्ग कँटीनमध्ये होता. ती माझ्याच बाकावर बसली. मी खिशात हात घातला, तर तिनं अडवलं.

दोन चहा, वीस रुपये. कँटीनच्या मावशींना, तिनं दिले.